छत्रीवाल्या म्हातारीला माझा विरोध

३ मार्च, सोमवार.
आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये सोळा तारखेच्या ‘कौटुंबिक रविवारी’ म्हणे मारामारीचा सिनेमा! विनोदी आहे, लहान मुलांनाही चालेल, असं सेक्रेटरी म्हणतात. लाथा मारण्यात विनोद कसला? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला जिना उतरताना पायांचा आवाजसुद्धा करू देत नसत. पुढे मी शाळेत पर्यवेक्षिका झाले. मी वर्गात नुसती डोकावले की छताचा पंखासुद्धा जपून फिरायचा.
सून म्हणाली, अहो आई, साधा सिनेमा आहे. हिला सगळं साधंच वाटतं. स्वयंपाकही तसाच करते.
सिनेमा बंद पाडणार. ठरलं.

४ मार्च.
सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. म्हणाले, बाई, नियम आहे. ज्याला विरोध करायचा, त्याने सिनेमा आधी शेवटपर्यंत पाहिलेला हवा. असला नियम कोणी केला, असं मी खडसावून विचारलं. तुम्हीच, म्हणाले.
नियम उत्तम आहे. पेनड्राइव्ह घेऊन आले.

५ मार्च, दुपार.
पाहिला. एक धांदरट पोस्टमन कुंग-फू शिकायला गुरू शोधत फिरतो, आणि गुरू निघते लॉन्ड्री चालवणारी म्हातारी. ती छत्रीने गुंडांना बडवते, आणि ऐन मारामारीत त्यांना थांबायला सांगून इस्त्री बंद केली का ते बघून येते. गुंड थांबतातसुद्धा! अत्यंत पोरकट. एकदाही हसले नाही. चहा नाकात गेला, तो वेगळा.

६ मार्च.
काल टिपणं काढायची राहिली. पुन्हा पाहावा लागला. ओल्या चादरींची मारामारी मागे नेऊन नेऊन तपासली. आक्षेप नेमका हवा. म्हातारीची पाठ मात्र ताठ आहे. हल्ली कोणाची असते?

७ मार्च.
आवाज बंद करून पाहिला. आक्षेप आवाजावर आहे की चित्रावर, हे स्पष्ट व्हायला नको?

८ मार्च, शनिवार.
नात कराटे शिकते. सिनेमाआधी तिच्या क्लासच्या मुली प्रात्यक्षिक दाखवणार आहेत, आणि ही मधोमध उभी राहणार. आजी, तू अगदी पुढे बस हं, तू दिसली नाहीस तर मी सगळं विसरेन, म्हणाली.
हे मला आधी कोणी सांगितलं का नाही? सून म्हणते, सोमवारीच सांगितलं, पण तुम्ही तेव्हा शाळेतल्या पंख्याबद्दल बोलत होता.
हरकत नाही. सिनेमा रद्द झाला तरी प्रात्यक्षिक होईलच. हॉल काही पळून जात नाही.

१० मार्च.
उजवा गुडघा आखडलाय. फिजिओथेरपिस्टबाईंना सांगितलं, खाली पडलेलं पुस्तक उचलायला वाकले. एका पायावर वाकलात का, म्हणाल्या. आगाऊ.
टेबललॅम्प मांजरानं पाडला, असं सुनेला सांगितलं. मांजर जाताना छत्री बंद करून ठेवून गेलं का, असं तिनं विचारलं. उलट प्रश्नांना मी उत्तर देत नसते.

१२ मार्च, संध्याकाळ.
समितीची सभा. काय बोलले मी! चादरींचा प्रसंग किती घातक आहे, ते पटावं म्हणून टेबलक्लॉथ घेऊन करून दाखवला. सगळी समिती हसत सुटली. गांभीर्य म्हणून कळत नाही लोकांना. एवढं तोंडपाठ कसं, असं सेक्रेटरींनी विचारलं. त्याला अभ्यास म्हणतात, असं सुनावलं.
शेवटी कंटाळून का होईना, सिनेमा रद्द. त्याऐवजी मी सुचवलेला समुद्री शेवाळावरचा माहितीपट. दणदणीत विजय!
सेक्रेटरींनी पेनड्राइव्ह लगेच परत मागितला. एवढी काय घाई होती?

१३ मार्च.
नात बोलत नाहीये. कराटेच्या सरांनी प्रात्यक्षिक आणि सिनेमा दोन्ही त्यांच्या क्लासच्या खोलीत हलवलं, रस्त्यापलीकडे. त्याच रविवारी, त्याच वेळी.
पुढच्या रांगेचं काय, असं मी सहज विचारलं. सून म्हणाली, आई, तुम्हाला असले प्रकार खपत नाहीत, म्हणून तुमचं नाव दिलं नाही. खुर्च्या मोजक्याच आहेत. माझी आई येतेय.
विहीणबाई! त्यांना सिनेमात चांगला कोण आणि वाईट कोण हेसुद्धा मध्यंतरानंतर कळतं.
मी जागा मागणार नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो. शिवाय शेवाळ मीच सुचवलंय.

१५ मार्च.
नातीला नीट समजावलं, की माझा विरोध सिनेमाला होता, तिला नव्हता. बरं, म्हणाली. एवढंच. हे ‘बरं’ तिच्या आईकडून आलंय.
उद्या ऐनवेळी बोलावतीलच. एखादी खुर्ची निघतेच. चांगले बूट पुसून ठेवले.

१६ मार्च, रविवार.
बोलावलं नाही.
हॉलमध्ये शेवाळ, सेक्रेटरी आणि मी. सेक्रेटरी पहिल्याच लाटेला झोपले. उकडत होतं म्हणून रस्त्याकडची खिडकी उघडली. आधी समोरून मुलींच्या एकसुरात आरोळ्या आल्या, मग टाळ्या. तिची आरोळी कोणती ते ओळखू आलं नाही. मग सिनेमा. पोस्टमन टपालाच्या पोत्यासकट गटारात पडला, तेव्हा अख्खी खोली हसली. म्हणजे मला तसं वाटतं. मी काही बघत नव्हते. सेक्रेटरी दचकून उठले आणि शेवाळात हसण्यासारखं काय आहे, असं मला विचारू लागले. ठसका लागला, म्हटलं.
घरी आल्यावर विहीणबाई सिनेमाची गोष्ट सांगत होत्या. सगळी उलटीपालटी. पोस्टमन आधी पडतो, मग छत्री उघडते, असं मला सांगावंच लागलं. आजी, म्हणजे तुला आवडला होता, असं नात म्हणाली. प्रश्न म्हणून नाही, सरळच म्हणाली. मी म्हटलं, विरोधासाठी बारकाईनं पाहावं लागतं.
थोड्या वेळानं तिच्या खोलीत गेले. तुझं प्रात्यक्षिक मला इथेच दाखव ना, असं म्हटलं. खुर्चीही ओढून घेतली, अगदी पुढे.
नको, दप्तर भरायचंय, म्हणाली.
उद्या शाळेला सुट्टी आहे. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.