मावशीचा मुरगळलेला पाय

मुर्धा, ४ ऑगस्ट २०२५

ती. मनोरमामावशीस,
समिधाचा सा. न. वि. वि.

घरात आणखी कुणाला असं व्हायचं का? डॉक्टरांनी मला हे दोनदा विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुला विचारतेय. फोनच केला असता, पण तुझ्याकडे फोन म्हणजे स्पीकरवर, सगळ्या आळीला ऐकू जाणारा.

मंगळवारी आई सुके बोंबील निवडत बसली होती. डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते म्हणाली. मग उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. अंगावरून वारं गेलं म्हणत शेजारचे लीलाधरकाका पारवा आणायला निघाले. त्याचं रक्त चोळायचं म्हणे. मी आईला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. संध्याकाळी हात उठला, डोकं मात्र दोन दिवस फुटत होतं. डॉक्टर म्हणतात, हा लकव्याचा झटका नसून अर्धशिशीचाच एक प्रकार असावा. तो घराण्यात चालतो, म्हणून तो प्रश्न. आई म्हणते, आमच्यात असलं काय न्हाय.

ती फार घाबरलीय गं. पुढच्या वेळी हात कायमचा जाईल म्हणते. मासळीच्या टोपलीला हात लावत नाही, विकायला बाजारात जात नाही. तुला काही आठवत असेल तर लिही.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
समिधा

रेवदंडा, ११ ऑगस्ट

चि. समिधास मावशीचे अनेक आशीर्वाद.

पोस्टमनने पत्र नेमकं सूनबाईच्या हातात दिलं. तुझ्या लग्नाचं आहे सांगून आत नेलं. मी सातवी शिकलेली, चुका काढत बसू नकोस, ग्रॅज्युएटबाई.

हो, मला होतं. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा डावी बाजू गेली, दुसऱ्या दिवशी आली. तुझ्या आजीलाही व्हायचं. तिनेच मला शपथ घातली, की हे बाहेर कळलं तर आमच्या पोरींना कुणी करणार न्हाय. तुझी आई, शकू, तेव्हा सहा वर्षांची. तिला कुणी सांगितलंच नाही. लग्नानंतर कधी असं झालं की मी पाय मुरगळला म्हणून पडून राहायचे. पस्तीस वर्षं माझा एकच पाय मुरगळतोय, पण घरात कुणाला नवल वाटलं नाही.

डॉक्टरांना हे वाचून दाखव. शकूला सांग, माझं अंग जितक्यांदा गेलं तितक्यांदा परत आलं. तुला होतं का, ते मी विचारत नाही. पण स्वरूपच्या घरी यातला एक शब्द काढू नकोस. स्थळ चांगलं आहे.

तब्येतीला जप, मावशीला विसरू नकोस.
मनोरमा

मुर्धा, २० ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र डॉक्टरांनी स्वतःच वाचलं. मुरगळलेल्या पायापाशी हसले. आता बरीच खात्री झाली म्हणाले. आईला रोजची गोळी सुरू केलीय. पण हात गेला की ही अर्धशिशीच, असं घरी बसून ठरवायचं नाही, दरवेळी तडक हॉस्पिटल गाठायचं, असं बजावलंय. हे तुलाही लागू, मावशी. यापुढे पाय मुरगळायचा नाही.

आई पत्र ऐकून रडली. मग ताईने मला पण सांगितलं न्हाय म्हणून तासभर तुझ्या नावाने ओरडली. सोमवारी टोपली घेऊन बाजारात गेली. तुझे आभार कोणत्या शब्दांत मानू? आजीने घातलेली शपथ मोडताना तुला काय वाटलं असेल ते कळतं मला.

तुझं एक मात्र ऐकलं नाही. मलाही ती चमक दिसते. परीक्षेच्या वेळी दोनदा हात बधिर झाला, मी ते अभ्यासावर ढकललं. आता माझ्या मुलीलाही असाच पाय मुरगळायला शिकवू का? काल राई गावात स्वरूपच्या घरी गेले. त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. त्याच्या आईंनी चहा दिला, विचार करून कळवतो म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही. मी मात्र सांगून आलेय.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
समिधा