नाणी घासायची नसतात

बाबा,

आधीच सांगते, आईवर ओरडू नका. मला बघायला पाहुणे येणार म्हणून तिने नळ, कड्या, चमचे सगळं घासलं, आणि त्याच झपाट्यात तुमची तीन जुनी नाणीही लिंबाने लख्ख केली. बाकीची मी तिच्या हातातून हिसकावून माझ्या कपाटात ठेवलीत.

नाण्यावरचा काळपटपणा घासायचा नाही, घासलं की जाणकाराच्या लेखी ते नाणं संपलं, हे तुम्ही मला लहानपणापासून बजावत आलात. मग माझं मोडलेलं लग्न या लोकांपासून का लपवलंत?

मला घरात बसवेना, म्हणून बाहेर पडलेय. ते आले की आधी तेवढं सांगून टाका. तरीही बसून राहिले, तर फोन करा. कोपऱ्यावरच फेऱ्या मारतेय.