फीची ठेव आणि सहा कार्डं

३ फेब्रुवारी

मोडली! लेकीच्या फीसाठी दहा वर्षं जपलेली बँकेतली ठेव आज मोडली. खिडकीमागच्या बाईंनी तीनदा विचारलं, "नक्की ना?" जणू मी मूत्रपिंड विकायला आलो होतो. अहो, ठेवीवर व्याज पाच टक्के, आणि माझ्या औषधाच्या दुकानात दर महिन्याला नव्या किमतीच्या चिठ्ठ्या मीच चिकटवतो. खोकल्याचं औषध तेच, बाटली लहान, किंमत मोठी. महागाई पैसे खाते आणि बँक तिला आग्रह करकरून वाढते!

अर्ध्या पैशांचं क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवरचं नाणं, घेतलं. मेहुण्याचा सल्ला. तो स्वतः अजून भाड्याच्या खोलीत राहतो, पण ते असो. उरलेल्या अर्ध्यात गेमवाल्यांची ग्राफिक्स कार्डं घ्यायची — ती कॉम्प्युटरला जोडली की दिवसरात्र गणितं सोडवत बसतात आणि नवी नाणी कमावतात. म्हणजे घरबसल्या टाकसाळ! फी मेअखेर भरायची. तोवर दुप्पट.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.

६ फेब्रुवारी

सांगितलं. तिने ताट वाढलं, जरा आदळूनच.

२० फेब्रुवारी

कार्डं बाजारात नाहीत! जगभर तुटवडा म्हणे. माझ्यासारखे शहाणे इतके असतील असं वाटलं नव्हतं. दुकानदाराचा नियम — माणशी एकच कार्ड. मग काय, सहकुटुंब सहपरिवार रांगेत: मी, बायको, लेक, मेहुणा, त्याची बायको, आणि काठी टेकत सासूबाई. दुकानदार म्हणाला, "आजी, तुम्ही गेम खेळता?" "मी कुठली खेळतेय," सासूबाई म्हणाल्या, "जावई खेळतात." सगळी रांग हसली. मीही हसलो, नाइलाजाने.

सहा कार्डं मिळाली. घरी आल्यावर सासूबाईंनी कार्डावरचे पंखे निरखून विचारलं, "एवढे पंखे, मग वारा का येत नाही हो?"

लेकीने एक कार्ड मागितलं. ती जिथे प्रवेश घेणार त्या कार्टूनच्या कोर्सला लागतंच म्हणाली. म्हटलं, बाळा, कमावत्याला कामावरून उठवू नये. "बरं," म्हणाली. हे 'बरं' अगदी आईचं उचललंय.

११ मार्च

नाणं दीडपट!! बायकोला फोनवर आकडा दाखवला. "मग विका की," म्हणाली. हिला अर्थशास्त्र कोण शिकवणार! अजून वाढणार आहे.

लेकीची खोली आता यंत्राची. रॅकवर सहाही कार्डं भणभणतात. नुसती भट्टी! ओले कपडे मात्र तासाभरात वाळतात. लेक जेवणाच्या टेबलावर चित्रं काढते. वाढायची वेळ झाली की उचलते.

४ एप्रिल

विजेचं बिल आलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कार्डांच्या कमाईतून ते वजा केलं तर महिन्याला एक खोकल्याची बाटली उरते. लहान बाटली.

१९ मे

पडलं.

सकाळी गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता फोन बघितला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाणं अर्ध्यावर! मेहुण्याला फोन लावला. "दाजी, घाबरू नका, हीच खरेदीची संधी आहे." कशाने खरेदी करू? सासूबाईंची काठी विकून? तेवढ्यात गिऱ्हाईक परत आलं — त्याला दुसऱ्याच गोळ्या दिल्या होत्या. बिचाऱ्याने डबी उघडली नव्हती म्हणून वाचलो, तोही आणि मीही.

२० मे

हिशेब केला. उरलेल्या नाण्यांत जेमतेम एक तृतीयांश फी निघेल. महागाईने दहा वर्षांत खाल्लं नसतं तेवढं मी साडेतीन महिन्यांत खाल्लं, आणि ढेकरही दिला नाही.

बायकोने हिशेब वाचला आणि कागद घडी घालून मला परत दिला. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२७ मे

"बाबा, फी सोमवारी भरायचीय ना?" लेक.

"बघू," म्हणालो. माझे वडील 'बघू' म्हणायचे तेव्हा ते 'नाही'च असायचं. तिलाही कळलं असणार. मान खाली घालून चित्र रंगवत राहिली. फार लाज वाटली. मेहुण्याला, बँकेला, महागाईला शिव्या देऊन पाहिल्या, पण लाज काही गेली नाही.

३१ मे

संध्याकाळी दुकानातून आलो तर घरात शांतता. लेकीची खोली गार, रॅक रिकामा, आणि लेक तिच्या जुन्या जागी बसून काम करतेय!

नाण्याकडे बघण्याच्या नादात कार्डांची किंमत मी परत कधी विचारलीच नाही. तुटवडा तसाच आहे, वापरलेल्या कार्डालाही दुकानदार अडीचपट देतो. पाच विकून तिने सकाळी फी भरली. सहावं स्वतःच्या कॉम्प्युटरला बसवलं.

"तुम्हाला विचारणार होते," म्हणाली, "पण तुम्ही म्हणाला असता, थांब, अजून वाढेल."

म्हणालो असतो.