त्या कागदातली विहीर

बाबा, मला मोडी येत नाही. तेव्हाही येत नव्हती. इथे दक्षिणेत, आवडी गावातल्या आपल्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये तुम्ही घरोघर सांगत फिरलात, आमची मुलगी कॉलेजात मोडी शिकते म्हणून, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. दर मंगळवारी मी तंजावरच्या त्या मॅडमकडे जायचे, ते खोकल्याचं औषध सुटावं म्हणून. खोकला नव्हताच मला. परीक्षेच्या दिवसांत एकदा घेतलं, डोकं शांत झालं, मग रोज लागायला लागलं. दुसऱ्या वर्षी तर कॉलेजचं स्टेशन येईपर्यंत अर्धी बाटली संपलेली असायची. लायब्ररीमागची ती खोली अशाच मुलामुलींसाठी होती, म्हणून तर दारावर पाटी नव्हती. मंगळवारी उशीर का होतो, असं तुम्ही विचारलंत आणि मराठी मॅडमकडे मोडी शिकते, असं माझ्या तोंडून निघून गेलं. खरं कसं सांगणार होते? शेजारच्यांचा मुलगा पिताना सापडला, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, आपलं पोर असतं तर शिक्षण बंद करून गावी नेऊन बसवलं असतं. तुम्ही बोललेलं करणारे होतात.

मग एका मंगळवारी तुम्ही अर्धी रजा टाकून, न सांगता, कॉलेजात आलात. मराठी मॅडम कुठे बसतात, असं लायब्ररीत विचारत. अजून दिसतं मला. दुपारचे तीन वाजलेत, मी मॅडमसमोर बसले आहे आणि दारात तुम्ही, खिशाला फॅक्टरीचा पास, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलीत पणजोबांचा मोडी कागद. औषध सोडल्याचा माझा चौथा दिवस आहे, हात थरथरतायत, ते मी ओढणीखाली लपवते. तुम्ही मॅडमना म्हणता, "ही शिकते ना तुमच्याकडे? मग एवढं वाचून दाखवू दे." त्यांच्या एका वाक्यावर माझं कॉलेज अडकलेलं आहे. मॅडम तुम्हाला खुर्ची देतात आणि त्यांच्या त्या जुन्या मराठीत सांगतात, "सार, इथं कोण येतें, कशास येतें, तें मी कोणास सांगत नाहीं. तिलाच विचारा." मोडीत एवढं लपवण्यासारखं काय, ते तुम्हाला कळत नाही. तुम्ही कागद टेबलावर ठेवून माझ्यापुढे सरकवता. "वाच."

मी वाचलं. म्हणजे ओळींवरून बोट फिरवत सुचेल ते बोलत गेले. पणजोबांनी वस्तीसाठी विहीर खोदली आणि पाणी भरायला कोणालाही मज्जाव नाही, असं लिहून दिलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात. मॅडमना मोडी येत होती, बाबा. स्वतःच्या घरातले जुने कागद त्या सहज वाचायच्या. हाही त्यांच्या समोरच होता, तरी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तुम्ही गेल्यावर मी रडले, मग विचारलं, खरं काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, "कागद तुझ्या बाबांचा. त्यांनी विचारलें तर त्यांस सांगेन." फार राग आला मला त्यांचा. पण पुढच्या मंगळवारी गेले, त्याच्या पुढच्याही. वर्षभर गेले तेव्हा कुठे सुटलं.

तुम्ही त्यांना कधी विचारलंच नाहीत. निवृत्त झाल्यावर गावी गेलात, वस्तीमागची बुजलेली विहीर शोधलीत, चुलतभावांना घेऊन महिनाभर गाळ उपसलात आणि पाणी लागल्यावर मला फोन केलात. निदान तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, कागदात होतंच ना बाबा.

तुम्ही गेलात, आता मॅडमही नाहीत. फाइल माझ्याकडे, वेलचेरीच्या घरात, कपाटात आहे. पुण्यात एकजण मोडी वाचून देतात. दोनदा झेरॉक्स काढली, पाकिटावर पत्ताही लिहिला. ते पाकीटही फाइलीतच आहे, आणि आता हे पत्रही तिथेच ठेवते. औषधाचं सांगताना आज हात कापला नाही. पाकीट टपालात टाकायला मात्र धीर होत नाही, बाबा. त्या कागदात विहीर नसली तर?