युदेल्काची खोली

२ जुलै

पोहोचले. एकटी, धडधाकट, बॅग न हरवता. आता धाकट्या बहिणीने, नीवेसने, काय म्हणायचं ते म्हणावं. आमच्या डोंगरातल्या पोतोसीच्या भाजीबाजारातसुद्धा ताई रस्ता चुकते, असं ती जगभर सांगत फिरते. एकेचाळिसाव्या वर्षी पहिलं विमान, पहिला परदेश, पहिला समुद्र. पनामाला विमान बदलताना दार सापडेना, पण तिथल्या एका झाडूवालीने मला लहान मुलीसारखं थेट दारापर्यंत पोहोचवलं. शेवटच्या मिनीबसमध्ये शेजारच्या आजोबांची कोंबडी अर्धी वाट माझ्या मांडीवर होती. आमच्याकडे जुलैत कडाक्याची थंडी, शाळेला सुट्टी आहे, माझ्या वर्गातली पोरं घरोघरी नाकं ओढत बसली असतील. इथे घाम पुसून पुसून रुमाल पिळावा लागतो.

घर निळं, पत्र्याचं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मालकीण ओतिलिया सत्तरीच्या, मानाने सगळे त्यांना दोन्या म्हणतात. आधी खा, मग नाव सांग, म्हणाल्या. कुस्करलेली उकडलेली कच्ची केळी आणि तळलेलं चीज. दोनदा वाढून घेतलं. त्यांची मुलगी युदेल्का माझ्याच वयाची, अबोल. वरची तिची खोली मला दिली आहे. मी जेवत होते तेव्हा ती समोर बसून माझ्या हातांकडे बघत होती.

५ जुलै

अबोल कसली! दिवसभर माझ्या मागे असते. घरी कोण कोण, आई अंथरुणाला कधीपासून खिळली, नीवेसला मी लाडाने काय म्हणते, वर्ग गप्प करायला काय करते. दोन टाळ्या वाजवते, म्हटलं. तिने लगेच वाजवून दाखवल्या. आजवर कोणी मला इतकं विचारलं नव्हतं, म्हणून बोलत सुटले. निघण्याच्या दिवशीचं भांडणही सांगून टाकलं. आईला आंघोळ घालताना मी तिच्यावर खेकसते, यावरून नीवेस बोलली होती. मलाही माझं आयुष्य आहे, असं म्हणून मी दार आपटून निघाले.

युदेल्का हळूच म्हणाली की तिला कोणाची तरी सेवा करायला आवडेल. ती या गावाबाहेर कधीच गेलेली नाही.

८ जुलै

कशातच मन रमत नाही. समुद्रावर जाते, पाच मिनिटांत परत येते. पुस्तक उघडते, मिटते.

सकाळी युदेल्काने माझ्यासारख्या दोन वेण्या घातल्या होत्या. अंगात माझा लोकरी स्वेटर, या उकाड्यात, आणि घामाचा थेंब नाही. मी हसून परत मागितला. तिने दिला, पण बोलली ती आमच्या डोंगरातल्या हेलात. किराणावाला राफेलितो हसून म्हणाला, दोघी बहिणी शोभता. मला हसू आलं नाही.

१० जुलै

माझ्या उजव्या भुवईवर व्रण आहे. सहा वर्षांची असताना पायरीवर पडले होते.

आज तो युदेल्काच्या भुवईवर आहे. जुना, पांढरा, तसाच.

धावत आरशापाशी गेले. माझी भुवई अखंड आहे. बोट फिरवून फिरवून कातडी लाल झाली. दोन्या ओतिलियांना दाखवलं, तर म्हणाल्या, उन्हाने होतं असं, झोपून राहा.

उद्याच निघायचं ठरवलं. उद्याचं तिकीट मिळत नाही, तेराचंच आहे. तीन दिवस तर आहेत.

१२ जुलै

पासपोर्ट नाही. फोन नाही. तिकिटाचा कागद नाही. स्वेटर नाही. युदेल्का पहाटेच्या बसने गेली.

भर उन्हात चालत पोलीस चौकी गाठली. सगळं नीट सांगितलं, नाव, गाव, शाळा. हवालदाराने पेन खाली ठेवलं. "युदेल्का, म्हाताऱ्या आईचा जीव किती खाशील? घरी जा." थट्टा नव्हती. त्याला माझी कीव येत होती.

१३ जुलै

माझं विमान गेलं असेल. मला घेऊन —

दुपारी दोन्या ओतिलिया शेंगा सोलत बसल्या होत्या. मी ओरडले, रडले, त्यांचे खांदे धरून हलवले. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"मीही अशीच आले होते, पोरी. एकटी, पहिल्यांदाच. कुठून ते आता आठवत नाही. पहिले काही महिने जड जातात."

मग मला शेजारी बसवून त्यांनी माझ्या हातात शेंगा दिल्या. कितीतरी वेळ मी सोलत राहिले. का सोलल्या?

१५ जुलै

राफेलितोच्या दुकानातून फोन लावला. नीवेसने उचलला. मी म्हटलं, मी कासिल्दा बोलतेय. तिच्या मागे खोलीत आई हसत होती. दोन वर्षांत आई हसलेली नाही. आणि कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या —

घरी आलेली बाई मी नाही, हे सांगायला तोंड उघडलं. पलीकडे दार लागल्याचं ऐकू आलं, मग नीवेस कुजबुजली.

"मला ठाऊक आहे. काल ती दारात आली तेव्हाच कळलं. पण ती आईवर खेकसत नाही, ताई. मी दोन वर्षांनी रात्रभर झोपले. तू — तू तिथेच राहा ना."

फोन ठेवला. तिनेच. ताई म्हणाली मला. शेवटी ताई म्हणाली.

१६ जुलै

परत लावला. लागत नाही. नंबरातला शेवटचा आकडा — चार की सात —

शाळेची गल्ली आठवत बसले. चढण होती. नाव काय होतं —

आईचं तोंड आठवतं. पण ते दोन्या ओति

नाही. नाही. आई पोतोसीला आहे.

१७ जुलै

लिहून ठेवते. मी कासिल्दा कोंदोरी. शिक्षिका. बहीण नीवेस. मी आईवर खेकसत होते, ते खरं. तरी माझीच आई ती. पायी जाईन, पोहत जाईन, पण

खालून हाक आली. युदेल्का, जेवायला ये.

मी ओ दिली. विचार न करता, लगेच, आले गं आई, असं म्हणाले. आणि बरं वाटलं. मला बरं वाट