पट्टी काढलेला व्हिडिओ

मु. हिवरवाडी, ता. पाथर्डी
१९ मार्च २०२६

ती. रंगुआत्यास,
जयाचा नमस्कार. भिमाजीमामांच्या डोक्याचे टाके कधी काढणार? नगरच्या दवाखान्यात तुला झोप लागत नसेल. तुझ्या शेळ्यांना मी दोन्ही वेळ पाणी दाखवते. दाराची तुटलेली कडी सुताराकडून बसवून घेतली. हे पत्र चष्मा लावून तूच वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

काल पोलिसांनी कानिफनाथला नेलं. गावच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ पहिल्यांदा त्याच्या नंबरवरून पडला म्हणून. त्याची आई माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून होती. "जया, त्याला धड फोटो काढता येत न्हाई गं. आला तसा त्यानं फुडं ढकलला." मी तिला पाणी दिलं आणि संगणकाकडं बघत राहिले.

व्हिडिओत तू म्हणतेस, "ऊसतोडीला जाणाऱ्यांना घरकुल कशाला? सहा महिने तर पाचटाच्या कोपीतच राहत्यात." कारखान्यावरून नुकतीच परतलेली माणसं ते ऐकून तुझ्या दारात आली. मामा आडवे गेले, दगड लागला. तू सांगत होतीस, सरपंच म्हणून काय, कधीच मी असं बोलले नाही. मी गर्दीत मागं उभी होते. तू खरं बोलतेस हे तिथं मला ठाऊक होतं.

आत्या, ते वाक्य तुझ्या तोंडात मी घातलं.

पाणी योजनेसाठी तुझं भाषण रेकॉर्ड केलं होतं, तोच चेहरा, तोच आवाज वापरला. गहिनीनाथ मेंबर म्हणाले, "ग्रामसभेच्या आधी जरा गंमत करू." घरकुलाच्या यादीत तू आमच्या बापूंचं नाव घातलं नव्हतंस. 'भावाचं नाव घातलं तर लोक बोलतील' म्हणालीस. तो राग माझ्यात होता. तरी कायद्याप्रमाणे कोपऱ्यात 'हा व्हिडिओ कृत्रिम आहे' अशी पट्टी मी ठेवली होती. ते म्हणाले, "ही काढ. पट्टी दिसली तर कोन मानंल?"

ही गंमत नाही, हे मला त्याच वेळी कळलं. तरी मी ती काढली. त्यांनी तो व्हिडिओ कानिफनाथला पाठवला.

काल संध्याकाळी मेंबर दुकानात आले. "सगळं पुसून टाक. पोरगं आठ दिवसांत सुटंल." मी हो म्हणाले. पण पुसलं नाही. पट्टी असलेली मूळ फाईल आहे, त्यांचे निरोप आहेत.

ते घेऊन आता पोलीस ठाण्यात निघाले आहे. फोन, संगणक तिथंच राहील, म्हणून हे कागदावर. सकाळी बापूंना सगळं सांगितलं. ते चपला घालून दारात उभे राहिले, माझ्याबरोबर यायला.

कानिफनाथ सुटेल. व्हिडिओही काढायला लावतील. पण लोकांच्या कानात बसलेला तुझा तो आवाज कसा काढायचा, हे मला माहीत नाही.

मामांना तूच सांग. त्यांच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही.

'तुझी' लिहायला हात धजत नाही.

जया