साहेबी शतावरीच्या वाफ्याची व्यवस्था

मी, धाकू रावजी शिवलकर, पूर्वी आगबोटीच्या पेंट्रीत नोकरी, हल्ली घरीच बसून, राहणार मौजे आरे, तालुका रत्नागिरी, राजीखुशीने लिहून ठेवतो की, पायांची सूज पोटापर्यंत चढली आहे, पण डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी बहीण तुळसा 'ह्या अभद्र लिवू नको' म्हणत सकाळपासून दारात बसली आहे.

कलम पहिले. घर, मागचे माड आणि भातजमीन मुलगा सखाराम यास. तो मुंबईस गोदीत असतो. तुळसा बालविधवा, तिचा जन्म याच घरात राबण्यात गेला. ती आहे तोवर माजघर आणि चूल तिची. तिच्याशी माझे पटले नाही, पण तिला कोणी बाहेर काढले तर मी वरून बघून घेईन.

कलम दुसरे. दुभती शेळी मुलगी कमळा हिला. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर तिला दिवस गेले आहेत आणि फाल्गुनात ती बाळंतपणाला इथे येईल. ती इथून जाईपर्यंत शेळी विकू नये, कोणाला उसनीही देऊ नये. कारण चौथ्या कलमात आहे.

कलम तिसरे. बोटीवरचा पांढरा कोट गावातल्या बाबल्याला. माझा हात आखडता आहे असे तो चावडीवर बोलला होता, तेव्हा हा कोट घालूनच हिंडावे. कोंब कापायची वाकडी सुरी सखारामला. ती कोरी आहे. कापण्याजोगा कोंब कधी आलाच नाही.

कलम चौथे. परसातला वाफा. बोटीवर साहेब लोक बोटाएवढे जाड पांढरे कोंब लोण्यात बुडवून खात. त्याला अस्परागस म्हणतात. ताटात उरलेला एक मी चाखला आणि त्या चवीपायी नोकरीनंतरचे सगळे आयुष्य वाया घालवले. बी मार्सेलिस बंदरातून आणले. ते रुजता रुजत नाही, आणि रुजले तरी तिसऱ्या वर्षापर्यंत सुरी लावायची नसते. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पहिल्याच पावसाळ्यात मुळे कुजली. मग पुळणीवरची वाळू डोक्यावरून आणून उंच वाफा केला. या झाडाला थंडीत झोप लागते म्हणतात. आरेत कसली थंडी? बारा महिने जागे राहून ते दमते आणि झाडूच्या हिरासारखे कोंब काढते. माझी कैलासवासी पत्नी दमयंती हिने एकदा ते सुकट घालून शिजवले आणि म्हणाली, "ह्यापरास शेवग्याची शेंग बरी." तिचे बरोबर होते.

गावात जो तो विचारी, आप्पा, हे गवत कसले? खरे नाव सांगितले की हसत. एकदा कंटाळून म्हणालो, "शतावरीच आहे, साहेबी." पाने तशीच असल्यामुळे ते सर्वांना पटले, आणि तिथेच घात झाला. शतावरीने बाळंतिणीला दूध येते हे आपल्याकडे शेंबडे पोरसुद्धा जाणते. बाळंतिणीसाठी मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये अशी रीत. मी मुळे दिली. गावात दर वर्षी कोणी ना कोणी बाळंत होणारच, त्यामुळे वाफ्याने तिसरे वर्ष पाहिलेच नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते ही म्हण जिभेवर येते, पण बाळंतिणींना ती लावू नये.

ज्यांना दूध यायचेच होते त्यांना आले, आणि नाव मुळांचे झाले. बाबल्याची सून मालन हिला मात्र येईना. तुळसाने काढा नेला आणि बजावले, "पोराला वरचा दूध देव नको, अंगावरचा आटंल." मी जाऊन सांगितले की ही ती शतावरी नव्हे, पोर सुकते आहे, आधी त्याला शेळीचे दूध पाजा. बाबल्या म्हणाला, "आप्पा, मुळां द्यायची नसतील तं तसा सांगा. खोटा कशाला बोलताव?" काढ्याच्या भरवशावर पोर गेले. मालन अजून येता-जाता माझ्या वाफ्याला हात जोडते, पुढच्या खेपेस गुण यावा म्हणून. मला ते बघवत नाही.

आता कुदळ मला उचलत नाही आणि तुळसा वाफ्याला कोणाला हात लावू देत नाही. म्हणून सखारामने क्रियेला येताच, तेराव्याची वाट न बघता, सारा वाफा खणून मुळे जाळून टाकावी. कमळाला त्यातले एकही देऊ नये. तिला दूध आले नाही तर बाळाला शेळीचे द्यावे आणि कोणाचे ऐकू नये. जिवंत माणसाच्या शब्दाची किंमत मी पाहिली. मेलेल्याचा सहसा मोडत नाहीत. पुढे कोणी विचारले की घरी अस्परागस लावावे काय, तर लावू नये.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. शेजारी भागोजी यांनी तो डोळे पुसत ऐकला. अंगठ्याला शाई लावून घेताना ते म्हणाले, "आप्पा, जाळायचीच हायत तं चार मुळां आमच्या सुनंला ठेवा." मी नाही म्हटले. तेव्हा तुळसा दारातून म्हणाली, "थांबा भागोजी. कमळीसाठी मी कवाच खणून वाळवून ठेवलीत, त्यातली देतंय."

कुठे ठेवली आहेत ते मी विचारले. ती सांगत नाही. सबब कलम चौथे पाळण्याजोगे राहिलेले नाही. तरी मी ते खोडत नाही.

मौजे आरे, मार्गशीर्ष शके १८५६, तारीख १८ डिसेंबर सन १९३४.

सही : धाकू रावजी शिवलकर, दस्तुर खुद्द

साक्षीदार :
१. भागोजी सोनू मयेकर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
२. गंगाराम विठू नागवेकर, सही दस्तुर खुद्द